मारिया तेरेझा थालर

मारिया तेरेझा थालर : ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचे नाव धारण करणारे चांदीचे व्यापारी नाणे. जुन्या पेटीत हे सापडले की त्यावरचे १७८० साल पाहून मालकाला घबाड लागल्यासारखे वाटते. ते साल मात्र नाण्याचे वय सांगत नाही. मारिया तेरेझा २९ नोव्हेंबर १७८० रोजी वारली आणि पुढे पाडलेल्या थालरांवर हेच साल कायम राहिले. तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर, विशेषतः येमेन व इथिओपियात, लोकांची नजर या छापावर इतकी बसली होती की चांदी तितकीच असली तरी वेगळ्या छापाचे नाणे ते सहसा घेत नसत. १८५८ मध्ये खुद्द ऑस्ट्रियात हे चलनातून बाद झाले, तरी निर्यातीसाठी टांकसाळ चालूच राहिली. १८६७-६८ च्या अ‍ॅबिसिनिया (इथिओपिया) मोहिमेत मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश सेनापती रॉबर्ट नेपिअरच्या फौजेलाही तिथल्या बाजारात हेच थालर मोजावे लागले.

दर्शनी बाजूस उजवीकडे तोंड केलेला, वैधव्याचा पडदा घेतलेला अर्धपुतळा, त्याखाली ‘एस. एफ.’ ही ग्युन्त्सबुर्ग टांकसाळीच्या श्योब्ल व फाबी या अधिकाऱ्यांची आद्याक्षरे. मागे दुतोंडी गरुड, कडेवर ‘न्याय व दया’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद. वजन २८.०७ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिमी., शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅम.

१९३५ मध्ये इटलीने ठसे मिळवून रोममध्ये थालर पाडायला घेतले. लगोलग १९३६ पासून लंडन आणि १९४०-४१ मध्ये मुंबईची टांकसाळही यात उतरली. म्हणजे १७८० साल मिरवणारे नाणे मुंबईच्या कोटातलेही असू शकते! अक्षरे सगळीकडे तीच. त्यामुळे टांकसाळ ओळखायला भिंगाखाली छातीवरच्या पदकाचे मोती, गरुडाच्या शेपटीची पिसे आणि कडेवरची वेलबुट्टी पाहावी लागते.

हौशी संग्राहक इथेच फसतात. पिसांच्या संख्येतला फरक हा वेगळ्या ठशाचा प्रकार, टांकसाळीची चूक नव्हे. छाप एका बाजूला सरकून चकतीचा काही भाग कोरा राहणे, ठशाला गेलेली भेग नाण्यावर उंच रेघ म्हणून उमटणे, चकतीवर दोनदा ठोका पडून चेहरा दुहेरी दिसणे, हे खरे टांकसाळ-दोष. घासून पुसट झालेले अक्षर, सोनाराने लावलेला डाग, दागिन्यासाठी पाडलेले भोक यांची गणती दोषात नव्हे, नुकसानीत होते. कडेवरचे ब्रीद गायब असेल तर दुर्मीळ नगाचा आनंद मानण्याआधी नाणे तराजूत घालावे. वजन कमी, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि कडेला सांध्याची रेघ दिसली, तर ते साच्यात ओतलेले खोटे नाणे होय. अरबस्तानातल्या हिजाझ किंवा नज्दचा शिक्का वरून ठोकलेल्या थालरांना जास्त भाव येतो. म्हणून असे शिक्केही नकली ठोकले जातात.

बहुसंख्य थालरांची किंमत चांदीच्या चालू भावाच्या आसपासच राहते. चढा भाव मिळतो तो अठराव्या शतकातल्या ग्युन्त्सबुर्गच्या नगांना आणि १७८० पूर्वीच्या सालांच्या थालरांना, तोही काळसर झाक शाबूत असेल तरच. चिंच किंवा पॉलिश लावून चकचकीत केलेल्या नाण्याला जाणकार सराफ मोडीचा भाव सांगतो.