'व्हेरी'च्या पुढचे इंग्रजी : मराठी शाळेतल्या मुलांना जोरकस विशेषणे कशी शिकवावीत?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत मुलाने दहा वर्षे इंग्रजी वाचलेले असते. तरी निबंधाची वही उघडली की बहुतेक ठिकाणी तेच चार-पाच शब्द भेटतात. पाऊस 'व्हेरी बिग', आंबा 'व्हेरी नाइस', समुद्र 'व्हेरी ब्यूटिफुल' आणि पूर 'व्हेरी बॅड'. 'व्हेरी' पुरे पडले नाही तर 'व्हेरी व्हेरी'.

हीच मुलं मराठीत बोलतात तेव्हा शब्दांना तोटा नसतो. शाळेत येताना भिजलेला पोरगा 'खूप ओला' नसतो, तो 'ओलाचिंब' असतो. ढग 'काळेकुट्ट', भात 'हिरवागार', ताक 'थंडगार'. इंग्रजीतही असे शब्द आहेत. त्यांना जोरकस विशेषणे म्हणता येईल. मराठीतली ही शिदोरी हाताशी ठेवून शिकवले तर ते लवकर कळतात आणि वापरातही येतात.

जोरकस विशेषण म्हणजे काय?

'कोल्ड' म्हणजे थंड. थंडी कमी-जास्त असू शकते, म्हणून 'अ लिटल कोल्ड', 'व्हेरी कोल्ड' असे म्हणता येते. 'फ्रीझिंग' या शब्दात मात्र 'व्हेरी' आधीच मुरलेले आहे. म्हणून 'व्हेरी फ्रीझिंग' म्हणत नाहीत. जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग' म्हणतात. 'रिअली' मात्र दोन्हीकडे चालते, 'रिअली कोल्ड' आणि 'रिअली फ्रीझिंग'.

हा नियम पाठ करायला दिला तर मुलं आठवड्यात विसरतात. त्याऐवजी मराठीतून जावे. 'थोडा ओला' म्हणता येते. 'थोडा ओलाचिंब' म्हणून पाहा, वर्ग हसेल. 'खूप काळाकुट्ट', 'खूप पांढराशुभ्र' हेही कानाला खटकते. पण 'अगदी काळाकुट्ट', 'अगदी पांढराशुभ्र' सहज बसते. इंग्रजीतल्या 'ॲब्सोल्यूटली'चे काम मराठीत 'अगदी' करते. ही 'थोडा'ची चाचणी मुलांना एकदा दिली की 'अ लिटल एनॉर्मस' किंवा 'व्हेरी ह्यूज' का चुकते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मराठीचे हे भांडार जुने आहे. १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ साली सुधारून आलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही अशा जोडशब्दांची नोंद सापडते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्याही मराठीच्याच पायरीवरून इंग्रजीत गेल्या. मातृभाषा आडवी येते, असे समजून तिला वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

सुरुवातीला हे बारा पुरेत

एकदम पन्नास शब्द देऊ नयेत. आपल्या भागात रोज लागणारे निवडावेत.

- हॉट – बॉयलिंग : मे महिन्यातला जीव नकोसा करणारा उकाडा
- वेट – सोक्ड : ओलाचिंब
- बिग – ह्यूज, एनॉर्मस : भलामोठा
- स्मॉल – टायनी : इवलासा
- डर्टी – फिल्दी : घाणीने बरबटलेला
- क्लीन – स्पॉटलेस : लख्ख, एक डाग नसलेला
- टायर्ड – इग्झॉस्टेड : दमून गळून गेलेला
- अँग्री – फ्युरिअस : रागाने लालबुंद
- स्केअर्ड – टेरिफाइड : भीतीने पांढराफटक
- टेस्टी – डिलिशस : खाताना बोटं चाटावी असा
- क्राउडेड – पॅक्ड : खच्चून भरलेला, गणपतीतल्या एसटीसारखा
- ओल्ड – एन्शन्ट : प्राचीन

'फ्रीझिंग' हा शब्द पुस्तकात हटकून पहिला येतो, पण रत्नागिरीच्या मुलाला त्याचा अनुभव फ्रीजमधल्या बर्फापुरताच असतो. 'सोक्ड' मात्र जून ते सप्टेंबर अंगावरच असतो. शिकवायला तोच आधी घ्यावा.

शब्दाला त्याचा जोडीदार असतो

मराठीत चेहरा रागाने 'लालबुंद' होतो, साडी 'लालभडक' असते आणि ओठ 'लालचुटुक'. तिन्ही लालच, पण अदलाबदल केली तर बिघडते. केस 'काळेभोर', अंधार 'काळाकुट्ट'. इंग्रजीतही तसेच. 'फ्युरिअस' माणूस असतो. 'एन्शन्ट' देऊळ असते, पण मागच्या वर्षीची जुनी सायकल 'एन्शन्ट' म्हटली तर ती थट्टा होते. 'फिल्दी' कपडे, रस्ता, हात यांना लागते.

म्हणून वहीत नुसता शब्द आणि अर्थ लिहून घेऊ नये. शब्द, तो कशाला लागतो ते नाम आणि मुलाने स्वतः केलेले एक वाक्य, असे तीन रकाने करावेत.

दमलेला की दमवणारा?

सर्वात जास्त चुका इथे होतात. 'आय ॲम टेरिफाइड' म्हणजे मी घाबरलोय. 'आय ॲम टेरिफाइंग' म्हणजे मी इतरांना घाबरवणारा आहे. मराठीतही 'दमलेला' आणि 'दमवणारा' यात एवढाच फरक आहे. गड चढून आलेली मुलं 'इग्झॉस्टेड', चढण 'इग्झॉस्टिंग'. 'अमेझ्ड' आणि 'अमेझिंग'चे हेच गणित. भावना ज्याला झाली त्याला 'एड', ज्याच्यामुळे झाली त्याला 'इंग'.

दुसरी गफलत सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. 'टेरिबल' म्हणजे फार वाईट, पण 'टेरिफिक' म्हणजे फार छान. 'ऑफुल' वाईट, 'ऑसम' भन्नाट. पाहुण्याने जेवण 'टेरिफिक' म्हटले म्हणून घरगुती खानावळीच्या मालकाने वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. त्याने स्वतःच्या जेवणाचे वर्णन 'टेरिबल' असे केले तर मात्र गिऱ्हाईक जाईल.

जोर किती द्यायचा? पावसाकडून शिका

जोरकस शब्द कळला की मुलं तो सगळीकडे लावतात. सर ओरडले की 'फ्युरिअस', डबा उशिरा उघडला की 'स्टार्व्हिंग'. मित्राशी गप्पा मारताना हे चालते. वृत्तांतात किंवा अर्जात चालत नाही.

शब्द मोजून वापरायचा असतो, याचा उत्तम नमुना पावसाळ्यात रोज बातम्यांत दिसतो. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस 'हेवी', ११५.६ पासून 'व्हेरी हेवी' आणि २०४.५ पासून 'एक्स्ट्रीमली हेवी' होतो. 'हेवी' हे साधे विशेषण असल्याने त्याला 'व्हेरी' लागते, हेही इथेच दाखवता येते.

इथे एक मेख आहे. महसूल विभागाच्या हिशेबात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की 'अतिवृष्टी' धरतात. म्हणजे कागदावरची 'अतिवृष्टी' हवामान विभागाच्या 'हेवी'पासूनच सुरू होते. 'अति' दिसले म्हणून 'एक्स्ट्रीमली हेवी' असे भाषांतर केले तर पाऊस तिप्पट होईल. आठवी ते दहावीच्या वर्गाने जुलैतला एक आठवडा पर्जन्यमानाचे आकडे फळ्यावर लिहून प्रत्येक दिवसाला योग्य इंग्रजी शब्द लावावा. भूगोलही होतो आणि इंग्रजीही.

उलट बाजूही सांगायला हवी. जिथे गोष्ट खरोखर मोठी आहे तिथे मिळमिळीत शब्दही चुकीचाच. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर ज्या घरांनी सोसला, त्या घरातल्या मुलाने तो 'व्हेरी बॅड' एवढाच लिहावा, हे त्याच्या अनुभवाला न्याय देणारे नाही. त्यासाठी 'डेव्हस्टेटिंग' हा शब्द आहे, म्हणजे होत्याचे नव्हते करणारा. तो त्याला माहीत असायला हवा.

वर्गात करण्याजोगे

*शब्दांची दोरी.* वर्गात दोरी बांधून चिठ्ठ्या अडकवायच्या. 'वॉर्म' आधी, मग 'हॉट', शेवटी 'बॉयलिंग'. मुलांनी जागा ठरवायची आणि कारण सांगायचे. एक शिक्षक, अनेक वर्ग अशी शाळा असेल तर लहानांनी साधे शब्द लावावेत, मोठ्यांनी जोरकस.

*'व्हेरी' खोडा.* मागच्याच निबंधातली 'व्हेरी' असलेली वाक्ये फळ्यावर घ्यावीत. 'व्हेरी टायर्ड' खोडून 'इग्झॉस्टेड'. मात्र प्रत्येक 'व्हेरी' गुन्हेगार नसते. 'व्हेरी ओल्ड' आजोबांना 'एन्शन्ट' केले तर आजोबा रागावतील.

*शब्दाला पुरावा.* 'द ट्री इज ह्यूज' एवढ्यावर थांबू न देता पुढचे वाक्य मागावे. किती मोठे? चार मुलांनी हात धरले तरी बुंध्याला कवळा बसत नाही, एवढे. जोरकस शब्द आणि त्याला एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, ही जोडी जमली की वर्णन आपोआप सुधारते.

*परिसराचे वर्णन.* कशेळीच्या सड्यावरचा कातळात कोरलेला हत्ती 'एनॉर्मस' आणि 'एन्शन्ट' या दोन्ही शब्दांना पुरून उरतो. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. परगावच्या पाहुण्याला ती पाच इंग्रजी वाक्यांत सांगायची, असा स्वाध्याय द्यावा. रत्नागिरीचा थिबा राजवाडा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, कसबा संगमेश्वरचे कर्णेश्वर मंदिर, जे गाव जवळ असेल ते घ्यावे.

आठवड्याला तीन नवे शब्द पुरेत, पण जुने पुन्हा पुन्हा यायला हवेत. एकदा शिकवून सोडलेला शब्द वहीतच राहतो.

पालकांसाठी

घरात इंग्रजी येत नसले तरी मदत करता येते. मुलाला विचारा, 'आज शिकलास तो शब्द आपल्याकडे कसा म्हणतात?' तो 'सोक्ड' म्हणेल, आजी 'निथळतोय नुसता' म्हणेल. दोन्ही वहीत लिहायला सांगा.

याचा उपयोग दहावीच्या पत्र, भाषण, वृत्तांताच्या गुणांपुरता नाही. या जिल्ह्यातली मुलं पुढे जहाजावर, मुंबईच्या हॉटेलात, बँकेत, दवाखान्यात कामाला लागतात, कुणी गावातच पर्यटकांसाठी खोल्या काढतो. दुखणे किती, बिघाड केवढा, खोली कशी, हे तिथे नेमके सांगावे लागते. 'व्हेरी बॅड' ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. नेमका शब्द सांगणाऱ्याचे म्हणणे लोक थांबून ऐकतात.