९ जुलै : लाल कार्ड, तरीही गोल्डन बॉल

२००६ : बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर इटलीने फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ५-३ असे हरवून चौथ्यांदा फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो फ्रान्सचा झिनेदिन झिदान. जादा वेळेत इटलीच्या मार्को मातेराझीच्या छातीवर डोके आपटल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळाले. कारकिर्दीतला तो शेवटचाच सामना. तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ त्यालाच! पत्रकारांच्या मतदानात त्याला २०१२, तर इटलीचा कर्णधार फाबिओ कानावारोला १९७७ गुण मिळाले. अनेकांनी सामना संपण्याआधीच मत देऊन टाकले होते म्हणे. आमच्या मते खरा मानकरी कानावारोच. त्या वर्षीच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा ‘बॅलन डी’ओर’ त्यालाच मिळाला.