पाठीराख्यांतील दुफळी : आर्सेनल क्लब आणि आर्सेन वेंगर (१९९६–२०१८)

लोकनिष्ठेचा विचार करताना इतिहासकाराचे लक्ष बहुधा राजसत्ता, धर्मपंथ आणि राजकीय पक्ष यांच्याकडे जाते. क्रीडासंस्थांभोवती जमणारा समुदाय मात्र केवळ करमणुकीचा विषय म्हणून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः औद्योगिक इंग्लंडमध्ये फुटबॉलचे क्लब हे शंभर-सव्वाशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निष्ठेचे विषय राहिले आहेत; बापाने ज्या संघाची बाजू घेतली त्याचीच मुलाने घ्यावी, हा तेथील कित्येक घरांचा रिवाज होय. अशा समुदायात नेत्याविषयी फूट पडते, तेव्हा निष्ठा नेमकी कोणाशी, व्यक्तीशी की संस्थेशी, हा जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. लंडनच्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात पडलेली दुफळी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या दुफळीचे सर्वांत बोलके दृश्य १८ मार्च २०१७ रोजी वेस्ट ब्रॉमविच येथे दिसले. सामना चालू असताना मैदानावरून एक विमान गेले. त्यामागे फडकणाऱ्या फलकावर वेंगर यांना नवा करार देऊ नये अशी मागणी होती. त्याच दिवशी दुसरे विमान वेंगर यांच्यावर विश्वास व्यक्त करणारा फलक घेऊन फिरले. दोन्ही फलक एकाच संघाच्या पाठीराख्यांचे होते. सामना आर्सेनलने ३–१ असा गमावला. एकाच क्लबवर प्रेम करणारी माणसे परस्परांविरुद्ध फलक उडविण्यास का प्रवृत्त झाली, हे समजण्यासाठी प्रथम इंग्लिश फुटबॉलमधील व्यवस्थापकाच्या स्थानाचा विचार करावा लागतो.

आर्सेनलची स्थापना १८८६ मध्ये वुलिच येथील सरकारी शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांनी केली. १९१३ मध्ये क्लब थेम्स नदीच्या उत्तरेस हायबरी येथे आला. १९२५ मध्ये हर्बर्ट चॅपमन व्यवस्थापक झाले आणि त्या पदाला नवे वजन प्राप्त झाले. ज्या काळी अनेक क्लबांत संघनिवडीवर संचालकांचा वरचष्मा असे, त्या काळी चॅपमन यांनी खेळाडूंची निवड, डावपेच आणि क्लबची लौकिक प्रतिमा ही सर्व सूत्रे स्वतःकडे घेतली. क्लबजवळच्या भुयारी रेल्वेस्थानकाला १९३२ मध्ये आर्सेनलचे नाव मिळाले ते त्यांच्याच खटपटीमुळे. १९३४ च्या जानेवारीत ते निवर्तले, तरी व्यवस्थापक म्हणजे क्लबचा कर्ता पुरुष ही कल्पना तेथे रुजून राहिली. वेंगर यांना जो अधिकार लाभला आणि पुढे जो रोष सोसावा लागला, त्या दोहोंचे मूळ या परंपरेत आहे.

वेंगर १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये रुजू झाले. स्ट्रासबुर्ग येथे जन्मलेल्या आणि अर्थशास्त्राची पदवी घेतलेल्या या फ्रेंच गृहस्थाने मोनाको क्लबला १९८८ चे फ्रेंच विजेतेपद मिळवून दिले होते, व त्यानंतर जपानमधील नागोया येथे काम केले होते. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. त्यांनी खेळाडूंच्या आहारविहारात आणि सरावाच्या पद्धतीत बदल घडविले. १९९८ आणि २००२ या दोन्ही वर्षी संघाने लीग व एफ. ए. चषक यांची जोडविजेतेपदे मिळविली. २००३–०४ च्या हंगामात तर संघाने ३८ सामन्यांपैकी २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत असा संपूर्ण अपराजित हंगाम त्यापूर्वी केवळ प्रेस्टन क्लबने १८८८–८९ मध्ये पाहिला होता, आणि तेव्हा हंगाम अवघ्या २२ सामन्यांचा होता.

या वैभवाच्या शिखरावरच पुढील कलहाची बीजे पडली. हायबरीच्या मैदानात सुमारे ३८ हजार प्रेक्षकांची सोय होती. उत्पन्न वाढवावयाचे तर मोठे मैदान हवे, या विचाराने क्लबने जवळच साठ हजारांवर आसनांचे नवे मैदान बांधले. ते २००६ मध्ये खुले झाले. त्यासाठी कोट्यवधी पौंडांचे कर्ज काढावे लागले. कर्ज देणाऱ्या बँकांना आपण पाच वर्षे क्लबमध्ये राहण्याची हमी हवी होती, असे वेंगर यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. नेमक्या याच काळात प्रतिस्पर्ध्यांच्या तिजोऱ्या भरल्या: २००३ मध्ये चेल्सी क्लब रोमान अब्रामोविच यांनी घेतला, तर २००८ मध्ये मँचेस्टर सिटी अबू धाबीच्या राजघराण्यातील धनिकाच्या हाती गेला. आर्सेनल काटकसरीने चालत असताना इतरांना पैशाची ददात उरली नाही. व्हिएरा २००५ मध्ये, आन्री २००७ मध्ये, फाब्रेगास व नासरी २०११ मध्ये आणि व्हान पर्सी २०१२ मध्ये क्लब सोडून गेले. २८ ऑगस्ट २०११ रोजी मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलचा ८–२ असा पराभव केला. एका सामन्यात आठ गोल स्वीकारण्याची वेळ संघावर १८९६ नंतर प्रथमच आली होती.

या कालखंडाचा अर्थ कसा लावावयाचा, यावरच पाठीराख्यांत दोन तट पडले. वेंगर यांच्या बाजूचे लोक म्हणत की, कर्जाचे ओझे वाहत असतानाही संघ १९९७ ते २०१६ अशी सलग वीस वर्षे पहिल्या चार क्रमांकांत राहिला, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्याने क्लबचे भाग्य घडविले त्याला पडत्या काळात टाकून देणे हा कृतघ्नपणा होय. विरोधकांचे म्हणणे असे की, चौथा क्रमांक हे ध्येय असू शकत नाही. तिकिटांचे दर इंग्लंडमधील सर्वांत चढ्या दरांत मोडत असता प्रेक्षकाने केवळ पूर्वपुण्याईवर समाधान मानावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. दोन्ही पक्ष आपापल्या परीने एकनिष्ठ होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. एकाची निष्ठा ऋणाच्या जाणिवेतून बोलत होती, तर दुसऱ्याची संस्थेच्या भवितव्याच्या चिंतेतून. म्हणूनच एकमेकांस ‘खरे पाठीराखे नव्हेत’ असे म्हणणे दोघांनाही सोपे गेले.

२०१३ नंतर कर्जाचा ताण सैल झाला. त्या वर्षी ओझिल यांना चार कोटी पौंडांहून अधिक रक्कम देऊन घेण्यात आले. २०१४ व २०१५ मध्ये एफ. ए. चषकही मिळाला. तथापि कलह शमला नाही, उलट तीव्र झाला. याचे कारण उघड आहे. पैसा नाही ही सबब जोवर होती तोवर अपयशाचा दोष परिस्थितीवर टाकता येत होता. ती सबब संपताच तो व्यक्तीवर आला. डिसेंबर २०१४ मध्ये स्टोक येथील पराभवानंतर रेल्वेस्थानकावर काही पाठीराख्यांनी वेंगर यांची हुर्यो उडविली. २०१५–१६ मध्ये धनाढ्य क्लब मागे पडले असता विजेतेपद लेस्टरसारख्या लहान क्लबने ८१ गुणांनी मिळविले. ७१ गुण मिळवून आर्सेनल दुसरे आले. ३० एप्रिल २०१६ रोजी नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात ठरलेल्या मिनिटांना बदलाची मागणी करणारे फलक वर झाले, आणि त्याच वेळी मैदानाच्या इतर भागांतून वेंगर यांच्या नावाचा गजर सुरू झाला. संघ दुसऱ्या क्रमांकाकडे वाटचाल करीत असता निषेध व्हावा, यावरून वाद गुणतक्त्यापुरता उरला नव्हता हे स्पष्ट होते.

या ठिकाणी अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेली मीमांसा उपयोगी पडते. संस्था ढासळू लागली की तिच्या सभासदांपुढे निघून जाणे आणि आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात, व निष्ठा ही निघून जाण्यास आवर घालून आवाजाला बळ देते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. फुटबॉलमध्ये पहिला मार्ग जवळपास बंदच असतो. दुकानदार बदलावा तसा आर्सेनलचा पाठीराखा शेजारच्या टॉटनहॅमकडे जात नाही. उरतो तो आवाज. परंतु आवाजाला ऐकणारा लागतो, आणि नेमका तोच येथे नव्हता. वेंगर यांना आणण्यात पुढाकार घेणारे डेव्हिड डीन २००७ मध्ये संचालक मंडळातून बाहेर पडले. २०११ मध्ये अमेरिकेतील उद्योगपती स्टॅन क्रोंकी यांच्याकडे बहुसंख्य भाग गेले. क्रोंकी क्वचितच बोलत व क्वचितच दिसत. २०१७ च्या ऑक्टोबरमधील वार्षिक सभेत उपस्थित भागधारकांनी हात वर करून दोन संचालकांच्या फेरनिवडीस विरोध दर्शविला, तरी भागांच्या मोजणीने ती निवड कायमच राहिली. सत्ता ज्यांच्या हाती ते दूर होते. दर आठवड्यास मैदानाच्या कडेला उभे राहून उत्तर देणारा गृहस्थ एकच होता. मालकांविषयीचा असंतोष त्याच्यावर येऊन आदळला, यात नवल नाही.

२०१६–१७ च्या हंगामात बायर्न म्यूनिकने दोन सामन्यांत मिळून १०–२ असा पराभव केला. त्यांतील दुसऱ्या सामन्यापूर्वी विरोधकांनी मैदानापर्यंत मोर्चा काढला. लीगमध्ये संघ पाचवा आला. तरीही २७ मे २०१७ रोजी लीगविजेत्या चेल्सीला २–१ असे नमवून वेंगर यांनी सातवा एफ. ए. चषक मिळविला आणि काही दिवसांतच दोन वर्षांचा नवा करार झाला. पुढील हंगामात निषेधाचे रूप पालटले. घोषणांची जागा रिकाम्या आसनांनी घेतली. क्लबकडून जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या ही विकल्या गेलेल्या तिकिटांची असल्याने कागदोपत्री मैदान भरलेले दिसे. छायाचित्रे मात्र वेगळेच सांगत. केवळ अधिकृत आकड्यांवर विसंबणाऱ्या संशोधकास हा मूक निषेध दिसणारच नाही. निघून जाण्याचा जो मार्ग बंद मानला जात होता, तो पैसे भरूनही न येण्याच्या रूपाने अखेर उघडला होता, आणि त्याची दखल मालकांस घ्यावी लागली. २० एप्रिल २०१८ रोजी वेंगर यांनी हंगामाअखेर निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. १,२३५ सामन्यांची कारकीर्द संपली.

यानंतरचा इतिहास दोन्ही पक्षांना सावध करणारा आहे. वेंगर गेल्याने संघ लगेच सावरला नाही. त्यांच्या जागी आलेल्या उनाय एमेरी यांना २०१९ च्या नोव्हेंबरात दूर करण्यात आले, आणि २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी संघ आठव्या क्रमांकावर घसरला. मिकेल आर्तेता यांच्याविषयीही तसेच दोन तट पडू लागले होते. परंतु त्यांना अवधी मिळाला आणि २०२३, २०२४ व २०२५ मध्ये संघ दुसरा आला. यावरून व्यवस्थापक बदलणे व्यर्थ किंवा धीर धरणे नेहमी हितकर, असा कोणताही सरसकट नियम काढता येत नाही. पश्चात्‌बुद्धीने तत्कालीन माणसांना शहाणे अथवा मूर्ख ठरविण्याचा मोह येथेही टाळावयास हवा.

अधिक बोधप्रद आहेत त्या दुसऱ्या दोन घटना. २०१८ च्या ऑगस्टमध्ये क्रोंकी यांनी अलिशेर उस्मानोव्ह यांचे भाग विकत घेतले आणि कायद्याने मिळालेल्या अधिकारानुसार लहान भागधारकांचे भागही सक्तीने घेतले. ज्या वार्षिक सभेत पाठीराख्यांना निदान प्रश्न विचारता येत होते, ती सभाच त्यामुळे संपली. उत्तरदायित्वाची मागणी करणाऱ्यांना व्यवस्थापकाचे जाणे मिळाले, पण त्याच वर्षी उत्तर मागण्याचे पीठ हातचे गेले. पुढे १८ एप्रिल २०२१ रोजी आर्सेनलसह बारा क्लबांनी युरोपात स्वतंत्र लीग काढण्याचा बेत जाहीर केला. पाठीराख्यांच्या क्षोभामुळे दोन दिवसांतच आर्सेनलने माघार घेतली. तरीही २३ एप्रिलला हजारो लोक मैदानाबाहेर जमले आणि त्यांनी मालकांनीच जावे अशी मागणी केली. त्या गर्दीत वेंगर यांचे जुने कैवारी कोण आणि विरोधक कोण, हा प्रश्न गैरलागू झाला होता.

वेंगर यांच्याविषयीच्या वादात व्यक्तीच्या गुणदोषांना स्थान नव्हते असे नव्हे. त्यांच्या चुका खऱ्या होत्या आणि त्यांचे उपकारही खरे होते. परंतु तो वाद इतका कडवट व दीर्घ झाला याचे कारण संस्थेच्या रचनेत सापडते. जेथे अधिकार एका ठिकाणी आणि जबाबदारी दुसऱ्या ठिकाणी असते, तेथे अनुयायी आपसांत भांडतात व सत्ताधारी अलिप्त राहतो. २०२३ च्या जुलैमध्ये क्लबने नव्या मैदानाबाहेर वेंगर यांचा पुतळा उभारला. ज्या मैदानासाठी त्यांनी आपल्या कारकिर्दीची उमेदीची वर्षे खर्ची घातली, आणि ज्याच्या रिकाम्या आसनांनी त्यांना निरोप दिला, त्याच्याच दाराशी तो आज उभा आहे.