ताकातील बिस्किट

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत न्याहारीला खाल्ला जाणारा, यीस्टशिवाय फुगवलेला, पदर सुटणारा खारा लहान पाव. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा व बेकिंग पावडर सहज मिळू लागल्यावर तो घरोघर रुजला. त्यासाठी मऊ गव्हाचा, कमी प्रथिनांचा मैदा घेतात. त्यामुळे चिवटपणा आणणारे ग्लुटेन बेताचेच तयार होते. मैद्यात सोडा, बेकिंग पावडर व मीठ मिसळून थंडगार लोणी बोटांनी असे चुरतात, की वाटाण्याएवढे खडे शिल्लक राहावेत, आणि मग दाट आंबट ताकात पीठ जेमतेम गोळा करतात. पाणी घातलेले पातळ ताक येथे निरुपयोगी ठरते. ताकातील लॅक्टिक आम्लाची सोड्याशी विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो व पीठ हलके होते. पदर मात्र मुख्यतः लोण्यामुळे येतात. पीठ थापून तीन-चार वेळा घडी घातल्याने लोण्याचे चपटे थर बनतात आणि सुमारे २३० अंश से. तापलेल्या भट्टीत त्यातील पाण्याची वाफ होऊन थर विलग होतात. हाताच्या उबेने लोणी आधीच पाघळले, तर बिस्किट बसकेच निघते. कापताना साचा पिळल्यास कडा मिटून फुगवटा वाकडा येतो. १२ ते १५ मिनिटांत भाजलेली ही बिस्किटे सॉसेजच्या मिरेयुक्त पांढऱ्या रश्शाबरोबर वाढतात.