सैल सांधा

माझ्या लहानपणी आमच्या घरी एक रेडिओ होता. बातम्या सांगता सांगता तो मधेच मुका होई. मग आजी पदर खोचून उठे आणि त्याच्या पाठीवर एक थाप घाली. थाप बसली की स्वारी पुन्हा बोलू लागे. “शहाण्याला शब्दांचा मार, ह्याला हाताचा!” असे आजी म्हणे.

थापेने रेडिओ का बोलतो, हा प्रश्न तेव्हा घरात कुणालाच पडला नाही. तो मला चाळिशी ओलांडल्यावर विचारला गेला, आणि विचारला तोही सातवीतल्या एका मुलीने.

त्याचे असे झाले. आमच्या शाळेत एक हौशी रेडिओवाले काका आपले यंत्र घेऊन आले होते. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ आवडीखातर दूरदेशीच्या माणसांशी बिनतारी गप्पा मारणारी ही मंडळी. मुले दाटीवाटीने बसली. यंत्रातून कुणाचा तरी आवाज आला आणि तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, वारा आला की आवाज जातो.”

मी डोळे वटारून तिला खाली बसवले. पाहुण्यांच्या यंत्राला नावे ठेवायची म्हणजे काय!

काका मात्र वळले. “बाळ, परत सांग बरं. वारा आला की?” आणि ते उठून खिडकीपाशी गेले. ॲण्टेनाची केबल तिथून आत आली होती व वाऱ्याने हलत होती. काकांनी आधी यंत्राकडचा जोड हलवून पाहिला. काही झाले नाही. मग वीतवीत पुढे सरकत केबल चाचपली. खिडकीतल्या पितळी जोडाला बोट लागले मात्र, खरखर सुरू झाली! जोड उघडला, तर आतल्या तारेचा डाख कच्चा. कथील तारेवर नुसते बसले होते, त्याने तार धरली नव्हती, आणि मधे काळपट थर चढला होता. काकांनी तार खरवडून लख्ख केली, नव्याने डाख दिला, ओढून पाहिला, आणि आवाज खणखणीत झाला.

“गुरुजी,” ते म्हणाले, “पूर्ण तुटलेलं लवकर सापडतं. कधी लागतं, कधी सुटतं, ते सापडत नाही. ते केव्हा सुटतं हे पाहणारं कुणीतरी लागतं. आणि बिनतारीचा इतिहास वाचा कधी. त्याचा उगम असल्याच एका सैल सांध्यात आहे.”

मी वाचला. त्या गोष्टीने मला चांगलेच खजील केले.

डेव्हिड एडवर्ड ह्यूज हा मूळचा संगीताचा शिक्षक. अमेरिकेत असताना त्याने अक्षरे छापणारे तारयंत्र शोधून काढले. पुढे १८७८ साली त्याने लंडनमध्ये मायक्रोफोन तयार केला. एकमेकांना हलकेच टेकलेल्या वस्तूंतून वीज जाऊ दिली, की आवाजाने तो स्पर्श कमीजास्त होतो, हे त्याचे मर्म. म्हणजे हाही सैल सांधाच!

१८७९ साली तो दुसऱ्याच एका उपकरणावर काम करीत होता. टेलिफोनमध्ये नको असलेली खरखर येऊ लागली. शोधता शोधता कारण सापडले: एक तार नीट जोडलेली नव्हती. दुसरा कुणी असता तर तार आवळून मोकळा झाला असता. ह्यूजने उलट विचारले, की इथे तार सुटते तेव्हा तिकडे वेगळ्या ठेवलेल्या मायक्रोफोनला ते कळते कसे? त्याने घड्याळाच्या यंत्राने वीज तोडजोड करण्याची व्यवस्था घरात लावली, टेलिफोन कानाला धरला आणि तो ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून चालू लागला. ६० यार्डांपर्यंत आवाज किंचित वाढला, मग क्षीण होत गेला, आणि ५०० यार्डांवर खात्रीने ऐकू येईना.

२० फेब्रुवारी १८८० रोजी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष स्पॉटिसवूड, हक्स्ले आणि स्टोक्स हे प्रयोग पाहायला आले. तीन तासांनी स्टोक्सनी निर्णय दिला, की हे सारे विद्युत्प्रवर्तनाच्या परिचित नियमांत बसते. स्टोक्स थोर गणिती होते आणि त्यांचा तर्कही हसण्यासारखा नव्हता. पण ह्यूजचे मन खचले. त्याने निबंध लिहिलाच नाही. १८८८ साली हर्ट्झने विद्युच्चुंबकीय लहरी सिद्ध करून दाखवल्या. ह्यूजची हकिगत जगापुढे आली १८९९ साली. १९०० च्या जानेवारीत तो वारला.

सैल सांधा मात्र मागे हटला नाही. १८९० साली फ्रान्समध्ये ब्रान्लीने दाखवले, की धातूच्या किसाने भरलेल्या नळीजवळ ठिणगी पडली की तिच्यातून वीज सहज वाहू लागते, आणि हलका ठोका दिला की पूर्ववत अडते. तीच नळी वापरून १८९४ साली ऑलिव्हर लॉजने लंडनमध्ये लहरी पकडून दाखवल्या. आजीची थाप सुटलेले जोडण्यासाठी, आणि ही थाप जुळलेले सोडवण्यासाठी! पुढे १८९९ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांनी लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शावर चालणारा, ठोक्याची गरज नसलेला ग्राहक मांडला. तो निबंध गेला त्याच रॉयल सोसायटीपुढे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीला सांगितले, “काल तू बरोबर होतीस. चूक माझी होती.” ती लाजली. मग धीर करून म्हणाली, “गुरुजी, मग थाप मारल्यावर रेडिओ का बोलतो?”

धातूवर गंजाचा पातळ थर चढतो, टेकलेली टोके नेमकी थोड्याच ठिकाणी भिडतात, आणि धक्क्याने ती जागा बदलली की वाट मोकळी होते, असे मी तिला सांगितले. आजी असती तर तिलाही सांगितले असते.

या दिवाळीत तुमच्या दारावरची दिव्यांची माळ मधेच लुकलुकली, तर आधी बटण बंद करा, मग सांधा जरूर आवळा. पण शेजारी उभे असलेले पोर काही सांगू पाहत असेल, तर त्याचे आधी ऐकून घ्या.