दातांची निगा आणि खानदेशातील गाव

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे दहा किलोमीटरवर वसलेले नशिराबाद हे एकोणिसाव्या शतकात काचेच्या बांगड्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध होते, आणि शेतकरी, शेतमजूर, कारागीर व व्यापारी अशी हिंदू-मुस्लिम संमिश्र वस्ती असलेल्या खानदेशातील मोठ्या गावांमध्ये त्याची गणना होते. अशा गावांतील दातांच्या निगेचा इतिहास तपासला असता असे दिसते की, दात किडू नयेत म्हणून घ्यावयाची काळजी पिढ्यानपिढ्या घराच्या अंगणात घेतली गेली, किडलेल्या दातावरचे शास्त्रीय उपचार मात्र शहरात उभे राहिले, आणि या दोहोंना जोडणारी सार्वजनिक व्यवस्था फार उशिरा व अपुरी आली.

घरगुती निगेची परंपरा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड, ताजी व गाठ नसलेली काडी दंतधावनासाठी सांगितली असून, त्यासाठी कडू चवीत निंब, तुरट चवीत खैर आणि तिखट चवीत करंज श्रेष्ठ मानला आहे. खानदेशात बांधावरची बाभूळ आणि दारातला निंब ही त्याची सहज उपलब्ध साधने होती. काटे छाटलेल्या काडीचे टोक दाढेखाली चावून त्याचा कुंचा करावयाचा, त्याने दात व हिरड्या घासावयाच्या, आणि शेवटी तीच काडी उभी चिरून तिने जीभ खरवडावयाची, असा हा क्रम होता. मुस्लिम कुटुंबांत नमाजापूर्वीच्या वुजूच्या, म्हणजे हात-पाय-तोंड धुण्याच्या, वेळी मिसवाक करणे, म्हणजे मुख्यतः पिलूच्या काडीने दात स्वच्छ करणे, ही सुन्नत, म्हणजेच पैगंबरांच्या आचरणातून आलेली रीत मानली गेली. ज्यांना काडी मिळत नसे ते राखुंडी, म्हणजे जळलेल्या गोवऱ्यांची चाळलेली राख, बोटाने लावीत. तिने दात उजळ दिसत असले तरी भरड कणांमुळे दातांवरचे कठीण कवच झिजत असे.

दुखणे सुरू झाल्यावर मात्र गावाजवळ फारसे उपाय नव्हते. दातात किडा शिरतो ही समजूत जगभर होती, आणि महाराष्ट्रात भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात घेण्याचा उपचार त्या समजुतीतूनच रूढ झाला. फ्रेंच दंतवैद्य पियर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात किड्याची कल्पना अमान्य केली, आणि १८९० मध्ये विलोबी मिलर याने तोंडातील जिवाणू साखर व पिष्ट पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते, हे मांडले. दंतक्षय टाळता येतो या विचाराला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला, परंतु हे ज्ञान खेड्यापर्यंत पोहोचण्याआधीच दात बिघडवणाऱ्या सवयी तेथे रुजल्या.

त्यांत मिश्री, अर्थात मशेरी, सर्वांत घातक ठरली. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड सकाळी बोटाने दातांना लावली जाते. तिने दात साफ होतात असा समज असल्यामुळे ती विशेषतः स्त्रियांमध्ये लाजेविना रुजली, आणि एकदा तलफ लागली की दिवसातून अनेकदा डबी उघडली जाऊ लागली. हिरड्या दातांपासून सुटणे आणि तोंडाचा कर्करोग हे तिचे ज्ञात परिणाम आहेत. पुढे चुना-तंबाखू व गुटखा यांची भर पडली, तर साखरेचा चहा आणि पाकीटबंद गोड खाऊ यांनी लहान मुलांचे दुधाचे दात किडू लागले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, परंतु मिश्री घराच्या चुलीवरच तयार होत असल्यामुळे केवळ दुकानांवरील बंदीने ती थांबणे शक्य नव्हते.

खेड्यांत या सवयी पसरत असतानाच, विसाव्या शतकात, दंतवैद्यक मात्र मोठ्या शहरांत वाढत गेले. कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले आणि मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात सुमारे तीन लाख लोकांमागे एकच पात्र दंतवैद्य असल्याचे नोंदवले. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीपुस्तकाचे दोन भाग केले: एक पदवीधरांचा, तर दुसरा पदवी नसली तरी किमान पाच वर्षे हाच व्यवसाय करून उपजीविका करणाऱ्यांचा. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, तरी दंतचिकित्सकाची खुर्ची प्रामुख्याने जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतच राहिली. नशिराबादला जळगाव जवळ असूनही रोजंदारी बुडवून, भाडे खर्चून तेथे जाणे शेतमजुराला परवडत नाही, म्हणून दुखणे असह्य झाल्यावरच तो जातो आणि बहुधा दात काढूनच परततो. यावल, रावेर व चोपडा तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा व तडवी या आदिवासी समाजांच्या वस्त्यांना हे अंतर त्याहून जड जाते.

प्रतिबंधाकडे शासनाचे लक्ष अलीकडे वळले. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाड्यांची वर्षातून दोनदा आणि शाळांची एकदा तपासणी करतात, व तीत दातांचे विकारही पाहिले जातात. २०१४ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही आला. तथापि किडलेला दात शोधणे हा प्रतिबंध नव्हे. फ्लोराईड हे दाताचे कवच बळकट करणारे द्रव्य असून, देशाच्या अनेक भागांत ते भूजलात आधीच अतिरिक्त असल्यामुळे पाण्यात मिसळण्यापेक्षा ते टूथपेस्टमधून देणे अधिक योग्य ठरते. शाळेत रोज दात घासण्याचा पाठ, आशा स्वयंसेविकेने घराघरांत मिश्री सोडवण्यासाठी धरलेला आग्रह आणि अंगणवाडीत मातांना गोड खाऊबाबत दिलेला सल्ला यांपैकी कशालाही दंतचिकित्सकाची खुर्ची लागत नाही. दातांची निगा या गावांत सदैव घरातच घेतली गेली हे इतिहास दाखवतो. म्हणून घरात पाऊल ठेवणाऱ्या या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, साहित्य आणि मोबदला देणे हाच वंचित वस्त्यांपर्यंत प्रतिबंधक सेवा नेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याची तरतूद जिल्हा परिषदा व नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकांत झाली पाहिजे.