दिल्लीचे दगड, पुण्याचे कागद

दिल्ली पाहावयास येणाऱ्या मराठी माणसाच्या हाती बहुधा एकच दिवस असतो. आग्र्यास किंवा हरिद्वारास जाता-येता तो एक दिवस राजधानीसाठी राखून ठेवतो आणि तेवढ्यात लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट आणि जमल्यास कुतुबमिनार असे सारे पदरात पाडून घेतो. या धावपळीत त्याच्या मनात एक प्रश्न हमखास डोकावतो. मराठ्यांनी दिल्लीच्या तख्ताचे रक्षण केले, असे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. मग त्या रक्षणाची एखादी खूण या नगरीत कोठे आहे? तुघलकांची आहे, लोदींची आहे, मोगलांची आहे आणि इंग्रजांची तर पावलोपावली आहे. आपली कोठे आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर दिल्लीची स्मारके वाचावी कशी, हे आधी ठरविले पाहिजे. त्यासाठी दिवसाचा आरंभ शहराच्या उत्तरेकडील टेकाडावर करावा. तेथे तांबड्या दगडाचा एक उंच मनोरा आहे. १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात कामी आलेल्या कंपनीच्या सैनिकांसाठी इंग्रजांनी तो १८६३ मध्ये बांधला. त्यावरील मजकुरात ज्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे, ते अर्थातच आपले लोक. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९७२ मध्ये, या मनोऱ्याला ‘अजितगड’ असे नाव देण्यात आले आणि तेथे एक नवा फलक बसविण्यात आला. ज्यांना येथे शत्रू म्हटले आहे ते देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले अमर हुतात्मे होत, असा त्याचा आशय आहे. जुना मजकूर खोडला नाही. त्याच्या शेजारी आपले म्हणणे लिहिले. स्मारक हे गेलेल्यांविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक ते उभारणाऱ्यांविषयी सांगते, हा धडा येथे मिळतो.

तो मनात ठेवून लाल किल्ल्यात यावे. शहाजहानने १६३९ मध्ये आरंभिलेला हा किल्ला १६४८ मध्ये पुरा झाला. आतील दिवाण-ए-खासमध्ये पाहुणे मयूरसिंहासनाची जागा शोधतात. ते सिंहासन १७३९ मध्ये नादिरशहाने इराणला नेले. मराठी माणसाने मात्र मान वर करून छताकडे पाहावे. आज तेथे रंगविलेले लाकूड आहे. एके काळी चांदी होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, त्या वेळी लष्कराच्या पोटाला पैसा नव्हता आणि उत्तरेत कोणी कर्ज देईना. तेव्हा ही चांदी उतरवून तिचे रुपये पाडण्यात आले. दिल्लीत आपली एखादी खूण हवीच असेल, तर हे उघडे पडलेले छत ही पहिली खूण होय. ती मान्य करण्यात कमीपणा नाही. उपाशी सैन्याच्या सेनापतीने ते केले, आणि सहा महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, तो सेनापती आणि त्याचे सैन्य पानिपतावर पडले.

परंतु याच दालनाशी मराठ्यांचा दुसराही संबंध आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. बादशहा शहाआलम हा इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस दिवस कंठीत होता. त्याला तेथून आणून ६ जानेवारी १७७२ रोजी त्याच्या वडिलार्जित राजधानीत बसविले ते महादजी शिंद्यांनी. पानिपतावर पायाला झालेल्या जखमेने जन्माचे लंगडेपण आलेला हा पुरुष अकरा वर्षांच्या आत दिल्लीचा कर्ताधर्ता म्हणून परतला होता. पुढे १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे सर्वाधिकारी, हे पद दिले आणि त्यांच्या वतीने महादजी कारभार पाहू लागले. १७८८ च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिर या रोहिल्याने किल्ल्याचा ताबा घेऊन म्हाताऱ्या शहाआलमचे डोळे काढले. ऑक्टोबरात राणेखानाच्या हाताखालील मराठी फौजेने किल्ला परत घेतला. पानिपतावरून जखमी महादजींना सुखरूप दक्षिणेत आणणारा भिस्ती तो हाच राणेखान, असे सांगतात; महादजी त्याला भाऊ मानीत. गुलाम कादिर पकडला गेला, मारला गेला, आणि आंधळ्या बादशहाला मराठ्यांनी पुन्हा तख्तावर बसविले.

येथेच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. त्या दिवशी दिल्लीत महादजींना अडवू शकेल असे कोणीही नव्हते. तरीही त्यांनी तख्त घेतले नाही. तख्तावरचा माणूस राखला. फौज त्यांची होती, हुकूम त्यांचा होता. नाव मात्र बादशहाचे. सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना हा प्रकार चटकन उमगेल. आजही महाराष्ट्र शासनाचा प्रत्येक आदेश ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ निघतो. खाली सही करणाऱ्याचे नाव कोणी शिलालेखावर कोरत नाही. मात्र राज्यघटनेने ठरविलेली रीत निराळी आणि मोडकळीस आलेल्या सत्तेच्या नावाआड चालविलेला कारभार निराळा. ज्याच्या नावाने राज्य चालते, त्याचीच नाणी पडतात आणि त्याच्याच नावे इमारती उठतात. दुसऱ्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांच्या वाट्याला स्मारक येत नाही.

किल्ल्यातून दक्षिणेस निघाल्यावर राजघाट लागतो. ३१ जानेवारी १९४८ रोजी जेथे महात्माजींच्या देहाला अग्नी दिला, तेथे काळ्या संगमरवराचा एक ठेंगणा चौथरा आहे आणि त्यावर दोन शब्द. या राजधानीतील सर्वांत मोठे स्मारक कोणत्याही सत्तापदावर न बसलेल्या माणसाचे आहे. स्मारक सत्तेने मिळते असे आत्ताच म्हटले. राजघाट हा त्या नियमाला मोठा आणि दिलासा देणारा अपवाद आहे.

पुढे इंडिया गेट. १९२१ मध्ये पायाभरणी झालेली आणि १९३१ मध्ये उघडलेली ही कमान पहिल्या महायुद्धात आणि अफगाण सरहद्दीवर साम्राज्यासाठी पडलेल्या हिंदी सैनिकांची आहे. तिच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. पलीकडे २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वतंत्र भारतासाठी देह ठेवणाऱ्यांची नावे ग्रॅनाइटवर कोरली आहेत. दोन्हीकडे मराठी नावे आहेत; ती बोटाने शोधीत फिरणारी कुटुंबे पाहिली की साध्या शिपायाचेही नाव दगडावर असावे, हा विचार किती मोलाचा आहे ते कळते. जवळच एक छत्री आहे. तिच्याखाली पंचम जॉर्जचा पुतळा होता. १९६८ मध्ये तो हलविला आणि छत्री पन्नासांहून अधिक वर्षे रिकामी राहिली. २०२२ च्या सप्टेंबरात तेथे नेताजी सुभाषचंद्रांचा पुतळा आला. ज्यांनी स्वतःच्या नावाने राज्य केले त्यांचे दगडही जागेवर राहतातच असे नाही.

राष्ट्रपती भवनाच्या पलीकडे तालकटोरा आहे. आज तेथे बाग आणि क्रीडागृह आहे. १७३७ च्या मार्चअखेर थोरले बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीवर येऊन ठेपले, तेव्हा बादशाही फौजेशी त्यांची झुंज याच परिसरात झाली. शहर त्यांच्या पुढ्यात पडले होते. ते जाळण्याचा विचारही मनात आला होता. पण अमर्याद केल्यास राजकारणाचे सूत्र तुटेल, म्हणून तो सोडला, असे त्यांनी बंधू चिमाजीअप्पांना कळविले आहे. दोनच वर्षांनी नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली. तिची आठवण शहराला अजून आहे. न जाळलेल्या शहराला कोण स्मारक बांधणार?

दिवस कलता यमुना ओलांडून नोएडाकडे जावे. तेथील गोल्फच्या मैदानात, हिरवळीच्या मधोमध, एक दगडी स्तंभ उभा आहे. प्रवासी कंपन्यांच्या यादीत तो नसतो. पटपडगंजची लढाई म्हणून ओळखला जाणारा संग्राम ११ सप्टेंबर १८०३ रोजी या भागात झाला. जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. त्या पलटणींचा नायक लुई बुर्कँ हा फ्रेंच होता आणि शिपाई बहुतेक अयोध्या, रोहिलखंड व अंतर्वेदीतील. तरीही स्तंभावर लिहिले आहे ते मराठ्यांचे सैन्य म्हणूनच. इंग्रजांचे चारशेहून अधिक लोक ठार व जखमी झाले, यावरून ते शिपाई कसे लढले हे कळते. पाच दिवसांनी लेक लाल किल्ल्यात त्याच आंधळ्या शहाआलमसमोर उभा राहिला. त्या वर्षअखेर वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या तहाने दिल्लीवरचा शिंद्यांचा हक्क संपला. इंग्रजांनीही आरंभी बादशहाचे नाव पुढे ठेवूनच कारभार केला; १८५७ नंतर मात्र ते नाव टाकून दिले आणि शेवटच्या बादशहाची चौकशी त्याच दिवाण-ए-खासमध्ये करून त्याला रंगूनला धाडले.

म्हणजे मराठ्यांच्या दिल्लीतील सत्तेची ग्वाही देणारा हा दगड त्यांना जिंकणाऱ्यांनी उभारलेला आहे. हे वाचून मराठी मनाला चटका लागतो, आणि तो लागावाच. पण आपली स्मृती नाहीशी झालेली नाही. ती निराळ्या ठिकाणी आहे. पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीहून दरबारातील मसलती आणि तेथील घडामोडी कळवीत. अशा पत्रांचे रुमाल घराघरांत आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात राहिले. राजवाड्यांनी वाईस मिळालेल्या कागदांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पारसनिसांनी दिल्लीतील राजकारणांची पत्रे छापली. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले. चांदीचे छत उतरविल्याची गोष्ट आणि शहर न जाळल्याची गोष्ट, दोन्ही आपण सांगू शकतो. विजयस्तंभावर पहिल्या प्रकारच्या गोष्टीला जागा नसते. कागद दोन्ही जपतो.

म्हणून दिल्लीस निघणाऱ्या मराठी प्रवाशाने निघण्यापूर्वी या पत्रांपैकी निदान दोन-चार वाचावीत. दिवसाच्या कार्यक्रमात यमुनापलीकडील त्या स्तंभासाठी तासभर काढावा. सोबत मुले असतील तर स्तंभावरचा मजकूर त्यांना वाचू द्यावा आणि मग राणेखानाची हकीकत, महादजींनी राखलेले तख्त आणि पटपडगंजच्या त्या अनाम शिपायांची झुंज आपण होऊन सांगावी. अजितगडावर नवा फलक लावावयास शासन लागले. एवढे काम मात्र कोणाही वडीलधाऱ्याला करता येण्याजोगे आहे.